कोर्सचं नवं पान चांगलं दिसतंय, पण मुलांना गृहपाठ सापडतो का? बीडच्या शाळा-कॉलेजांसाठी एक सोपी चाचणी

ऑनलाइन शिक्षणाचा विषय निघाला की आपल्याकडे दोनच प्रश्न विचारले जातात. घरात मोबाईल आहे का? आणि गावात रेंज येते का? दोन्ही प्रश्न महत्त्वाचेच आहेत. पण मोबाईलही आहे, रेंजही आहे, मूल लॉगिनही झालंय आणि तरीही गृहपाठ जमा झाला नाही, असं का होतं? बऱ्याच वेळा उत्तर साधं असतं. गृहपाठ ज्या पानावर ठेवला होता, त्या पानावर तो मुलाला सापडलाच नाही.

सर म्हणतात, ‘मी तर वेळेत टाकला होता.’ मुलगी म्हणते, ‘मला दिसला नाही.’ दोघंही खरं बोलत असतात. दोष पानाच्या मांडणीचा असतो, पण गुण मात्र मुलीचे कापले जातात. म्हणून आज आपण याच विषयावर बोलू. शिक्षणाच्या सॉफ्टवेअरमध्ये कोर्सच्या पानाची नवी मांडणी आणायची असेल, तर ती मुलांवर लादण्याआधी तपासायची कशी? यासाठी ना मोठं बजेट लागतं, ना पुण्या-मुंबईचा तज्ज्ञ. पाच-दहा विद्यार्थी, त्यांचेच मोबाईल आणि दोन दुपारी एवढं पुरतं.

कोर्सचं पान म्हणजे काय?

गुगल क्लासरूम सगळ्यांना माहीत आहे. २०१४ मध्ये ते आलं तेव्हा वर्गातली प्रत्येक गोष्ट एकाच रांगेत दिसायची. सूचना, गृहपाठ, शुभेच्छा, ‘यस सर’, सगळं एकाखाली एक. नवं आलं की जुनं खाली ढकललं जायचं. २०१८ मध्ये गुगलने ‘क्लासवर्क’ नावाचा वेगळा भाग केला आणि गृहपाठ तिथे विषयवार लावता येऊ लागले. सॉफ्टवेअर तेच होतं, फक्त कोणती वस्तू कुठे ठेवायची हे बदललं. यालाच मांडणी म्हणतात.

असंच दुसरं मोठं सॉफ्टवेअर म्हणजे मूडल. ते मोफत आहे, मुक्त परवान्याचं आहे आणि कुठलीही संस्था ते आपल्या सर्व्हरवर बसवू शकते. आपल्याकडे आयआयटी मुंबईसारखी संस्था ते वापरते आणि देशभरातल्या असंख्य कॉलेजांमध्ये ते चालतं. मूडलची पहिली पूर्ण आवृत्ती २० ऑगस्ट २००२ रोजी आली. ते बनवणारे मार्टिन डुगियामास यांचं बालपण पश्चिम ऑस्ट्रेलियाच्या वाळवंटातल्या एका दूरच्या वस्तीत गेलं. तिथे शाळा नव्हती, धडे रेडिओवरून मिळायचे. शाळेपासून लांब असलेल्या मुलाचं शिक्षण कसं चालतं हे त्या माणसाने स्वतः अनुभवलं होतं. कारखान्याच्या फडावर गेलेल्या बीडच्या मुलांचा विचार करताना ही गोष्ट ध्यानात ठेवण्यासारखी आहे.

मूडलने काय बदललं?

मूडलच्या जुन्या कोर्सपानाची एक तक्रार जगभर होती. पान संपतच नाही! पंधरा घटक, प्रत्येकात चार पीडीएफ, दोन व्हिडिओ, एक चाचणी, आणि सगळं एकाच लांबलचक पानावर. संगणकावर ठीक, पण मोबाईलवर अंगठा दुखेपर्यंत सरकवत राहायचं.

एप्रिल २०२२ मध्ये मूडल ४.० आलं आणि कोर्सचं पान बऱ्यापैकी बदललं. आता डाव्या बाजूला कोर्सची अनुक्रमणिका असते, पुस्तकाला असते तशी. त्यातल्या घटकावर बोट ठेवलं की थेट तिथे जाता येतं. कोणतं काम पूर्ण झालं याची खूणही तिथेच दिसते. वरच्या बाजूला कोर्स, सहभागी, गुण असे टॅब आले. ‘माझे कोर्स’ हे वेगळं पान आलं. चाचणी, चर्चा, वाचनसाहित्य यांच्या चिन्हांना वेगवेगळे रंग दिले गेले.

हे सगळं करण्याआधी मूडलच्या लोकांनी शिक्षक आणि विद्यार्थ्यांना नमुने दाखवून त्यांच्याकडून वापरून घेतले. तरीही आपल्याला आपली वेगळी चाचणी घ्यावी लागते. कारण सोपं आहे. सॉफ्टवेअर कपाट देतं, कपाटात काय कुठे ठेवायचं ते शिक्षक ठरवतो. अनुक्रमणिका कितीही चांगली असली तरी घटकांची नावं ‘टॉपिक १’, ‘टॉपिक २’ अशीच राहिली आणि फाइलचं नाव ‘स्कॅन ००२३’ असलं, तर मुलाला त्यातून काय कळणार?

आणि मोबाईलवर एक गोष्ट उलटीच होते. संगणकावर जी अनुक्रमणिका सतत समोर असते, ती मोबाईलच्या छोट्या पडद्यावर एका बटणामागे लपते. ते बटण ओळखता आलं नाही तर नव्या मांडणीचा सगळ्यात मोठा फायदाच त्या मुलाच्या वाट्याला येत नाही. म्हणजे सरांच्या टेबलावरच्या संगणकावर पान सुंदर आणि मुलांच्या हातात तेच पान जुन्यासारखं लांबलचक.

बीडमध्ये हे का महत्त्वाचं?

आपल्या जिल्ह्यात अकरा तालुके आहेत. आष्टी, पाटोदा, शिरूर कासार, धारूर, वडवणी, केज या भागातून दरवर्षी दिवाळीच्या आसपास हजारो कुटुंबं ऊसतोडीला निघतात. पश्चिम महाराष्ट्र आणि कर्नाटकातल्या कारखान्यांवर ती जातात आणि मार्च-एप्रिलमध्ये परततात. मुकादमाकडून घेतलेली उचल फेडायची असते, नवरा-बायकोचा एक कोयता धरला जातो आणि मुलं एक तर आजी-आजोबांकडे, हंगामी वसतिगृहात राहतात, नाही तर आईबापासोबत कोपीवर जातात. म्हणजे शैक्षणिक वर्षाचा मधला सगळा काळ गाळप हंगामात जातो. नेमक्या याच काळात घटक चाचण्या, गृहपाठ आणि प्रकल्प असतात.

कॉलेजला गेलेलं मूल अशा वेळी सुट्टीत येऊन-जाऊन आईबापाला मदत करतं. त्याच्यासाठी कोर्सचं पान हाच वर्ग असतो. दिवसभर काम, संध्याकाळी चार्जिंगची मारामार, रात्री अर्धा तास मोबाईल. त्या अर्ध्या तासातली वीस मिनिटं ‘गृहपाठ कुठंय’ हे शोधण्यात गेली तर अभ्यास कधी करायचा?

आपल्या समाजातल्या घरांची स्थितीही फार वेगळी नाही. गॅरेजवाला, ड्रायव्हर, फेरीवाला, बांधकामावरचा मिस्त्री, यांच्या घरात मोबाईल एकच आणि तो दिवसभर वडिलांच्या किंवा भावाच्या खिशात. मुलीच्या हातात तो येतो इशानंतर, तेही थोडा वेळ. ‘असर’च्या २०२१ च्या ग्रामीण पाहणीत देशभरातल्या ६७.६ टक्के शाळकरी मुलांच्या घरी स्मार्टफोन होता. पण त्याच घरांमधल्या साधारण चौथ्या भागाच्या मुलांना तो वापरायलाच मिळत नव्हता. घरात फोन असणं आणि मुलाच्या हातात फोन असणं, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

जिच्याकडे मोबाईल दिवसभर असतो, तिला वाईट मांडणीनेही फार फरक पडत नाही. ती शोधत बसेल, मैत्रिणीला विचारेल. जिच्याकडे तो अर्धाच तास असतो, तिच्यासाठी प्रत्येक चुकीचं बटण महाग पडतं.

चाचणी म्हणजे अभिप्राय नव्हे

बहुतेक ठिकाणी नवी मांडणी आली की काय होतं? व्हॉट्सअ‍ॅपच्या ग्रुपवर एक फॉर्म टाकला जातो. ‘नवे पान कसे वाटले? छान, बरे, वाईट.’ पन्नास जण ‘छान’वर बोट ठेवतात आणि अहवाल तयार.

यातून काहीच कळत नाही. माणूस काय म्हणतो आणि प्रत्यक्षात काय करतो, यात मोठं अंतर असतं. एखादा विद्यार्थी ‘छान आहे’ म्हणेल आणि त्याच पानावर मागच्या चाचणीचे गुण शोधताना तीनदा चुकेल. म्हणून चाचणीत मत विचारायचं नाही, काम द्यायचं आणि बघत बसायचं.

यासाठी जगभर वापरली जाणारी पद्धत फार साधी आहे. विद्यार्थ्याला एक काम सांगायचं आणि म्हणायचं, ‘करताना मनात जे येतंय ते मोठ्यांदा बोल.’ सॉफ्टवेअरच्या क्षेत्रात ही पद्धत १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला क्लेटन लुईस यांनी आयबीएममध्ये काम करताना रुजवली. मूल बोलतं, ‘आता इथं दाबते... नाही, हे तर दुसरंच निघालं... परत जाते...’ हे एक वाक्य फॉर्मवरच्या पन्नास ‘छान’पेक्षा जास्त सांगून जातं.

किती मुलं घ्यायची?

जेकब नीलसन या तज्ज्ञांचा ‘पाच जण पुरेत’ हा नियम फार प्रसिद्ध आहे. त्यामागचं गणित असं. त्यांनी तपासलेल्या प्रकल्पांमध्ये एक माणूस सरासरी ३१ टक्के अडचणी उघड करत होता. दुसरा माणूस काही त्याच आणि काही नव्या अडचणी दाखवतो, तिसरा आणखी थोड्या. असं करत पाचव्या माणसापर्यंत सुमारे ८५ टक्के अडचणी समोर येतात. त्यानंतर त्याच त्या गोष्टी पुन्हा दिसायला लागतात. म्हणून एकदम पंधरा जणांची चाचणी घेण्यापेक्षा पाच जणांची घ्या, पान सुधारा, मग दुसऱ्या पाच जणांची घ्या.

पण या नियमात एक मेख आहे आणि बीडमध्ये ती जास्त लागू होते. जी अडचण दर दहा जणांत एकालाच येते, ती पाच जणांच्या चाचणीत सापडण्याची शक्यता फक्त ४१ टक्के. आणि जी अडचण फक्त उर्दू माध्यमातून आलेल्या मुलांनाच येते, ती मराठी माध्यमाच्या पाच मुलांकडून कधीच सापडणार नाही. पाच काय, पन्नास घेतली तरी नाही.

म्हणून पाच जण घ्यायचे, पण प्रत्येक वेगळ्या गटातून घ्यायचे. आमच्या मते आपल्या जिल्ह्यात निदान चार गट हवेत. स्वतःचा मोबाईल असलेले, घरचा एकच मोबाईल वाटून वापरणारे, उर्दू माध्यमातून आलेले, आणि हंगामात स्थलांतर करणारे. प्रत्येक गटातून पाच मिळाले तर उत्तम, तीन मिळाले तरी चालतील. शिवाय दोन-तीन शिक्षकही घ्या, कारण पान भरायचं त्यांनाच आहे. आणि ज्याला कमी दिसतं किंवा ज्याचा हात नीट चालत नाही असा विद्यार्थी असेल तर त्याला आवर्जून घ्या. जी मुलं वर्गात सगळ्यात पुढं बसतात आणि मोबाईलमध्ये तरबेज आहेत, फक्त त्यांनाच बोलावलं तर ती चाचणी नाही, प्रदर्शन होईल.

कामं कशी द्यावीत?

पाच-सहा कामं पुरे. रोजच्या वापरातलीच असावीत. उदाहरणार्थ :

१. पुढच्या सोमवारपर्यंत काय लिहून द्यायचं आहे ते शोध.
२. तिसऱ्या धड्याचं वाचायचं साहित्य उघड.
३. वहीतल्या उत्तराचा फोटो काढून सरांकडे पोचव.
४. मागच्या चाचणीत तुला किती गुण मिळाले ते सांग.
५. एखादी शंका असेल तर ती मॅडमना विचार.
६. मागचे दोन आठवडे तू पान उघडलंच नाहीस असं समज. काय काय राहिलंय ते सांग.

सहावं काम बीडसाठी सगळ्यात महत्त्वाचं आहे. फडावरून परतलेल्या मुलाला हाच प्रश्न पडलेला असतो. त्याचं उत्तर दोन मिनिटांत मिळत नसेल तर ती मांडणी त्याच्या कामाची नाही.

एक काळजी घ्यायची. पडद्यावर जो शब्द आहे तोच कामात वापरायचा नाही. पानावर ‘असाइनमेंट’ असं बटण आहे आणि तुम्ही ‘असाइनमेंट शोध’ म्हणालात, तर मूल फक्त शब्द जुळवतं. ‘लिहून द्यायचं काम शोध’ म्हणालात तर कळतं की ‘असाइनमेंट’ या शब्दाचा अर्थ त्याला लागतोय की नाही.

आणि जागा? कॉलेजच्या संगणक कक्षात वायफायवर चाचणी घेऊ नका. मुलाच्या स्वतःच्या, किंवा घरून आणलेल्या मोबाईलवर घ्या. तडा गेलेला काच, भरलेली मेमरी, मोबाईल डेटा, सगळं तसंच राहू द्या. एखादं काम उन्हात उभं राहून करायला सांगा. फिक्या राखाडी रंगातली अक्षरं सावलीत वाचता येतात, उन्हात गायब होतात. वेबसाइटसाठी जे आंतरराष्ट्रीय निकष आहेत, त्यात अक्षर आणि पार्श्वभूमी यांच्या उजेडातलं प्रमाण निदान ४.५ ला १ असावं असं म्हटलं आहे, ते यासाठीच.

सुरुवातही खऱ्यासारखी असावी. आपल्याकडे मूल पोर्टल स्वतः उघडत नाही, सरांनी ग्रुपवर टाकलेल्या लिंकवर दाबतं. लिंक ब्राउझरमध्ये उघडते, तिथे पुन्हा पासवर्ड मागते आणि पासवर्ड भावाच्या मोबाईलमध्ये सेव्ह असतो. अनेक मुलं कोर्सच्या पानापर्यंत पोचतच नाहीत, ती दारातच अडकतात. तेही चाचणीत दिसलं पाहिजे.

‘सगळं छान आहे, सर’

परदेशी पुस्तकांमध्ये ही अडचण फारशी लिहिलेली नसते, पण आपल्याकडे ती पहिल्याच दिवशी येते. सर समोर बसलेत आणि त्यांनीच केलेल्या पानात चूक काढायची? मूल तसं करणार नाही. अडलं तरी ‘कळलं सर’ म्हणेल. ही अदब आहे, तिला नावं ठेवायचं कारण नाही. पण चाचणीत ती आड येते.

म्हणून तीन गोष्टी करा. एक, त्या विषयाच्या शिक्षकाने चाचणी घ्यायची नाही. दुसऱ्या विभागाचे कोणी किंवा वरच्या वर्गातला विद्यार्थी बसू द्या. मुलींसोबत वरच्या वर्गातली मुलगी किंवा मॅडम असाव्यात, म्हणजे त्या मोकळ्या बोलतात. दोन, सुरुवातीलाच सांगा, ‘ही परीक्षा तुझी नाही, पानाची आहे. तू अडलीस तर पान नापास, तू नाही.’ तीन, बोलायची भाषा मुलांवर सोडा. आपल्या घरांमध्ये दखनी बोलली जाते. ‘अब इसमें कां दबाना?’ असं ती आपसूक बोलली तर समजा चाचणी नीट चालली आहे. शुद्ध मराठी किंवा शुद्ध उर्दूचा आग्रह धरलात तर ती गप्प बसेल.

आणि सगळ्यात अवघड नियम म्हणजे मदत करायची नाही. मूल चुकतंय, बटण समोर आहे, आपला हात शिवशिवतो. पण सांगायचं नाही. ‘तुला काय वाटतं, कुठं असेल?’ एवढंच विचारायचं. तीन मिनिटांत जमलं नाही तर ‘हरकत नाही, पुढचं काम घेऊ’ म्हणायचं आणि वहीत ‘सापडलं नाही’ असं लिहायचं.

उर्दू माध्यमाची वेगळी तपासणी

जिल्ह्यात उर्दू माध्यमाच्या शाळा आहेत आणि तिथून दरवर्षी मुलं-मुली पुढच्या शिक्षणाला जातात. मूडलचे मराठी आणि उर्दू असे दोन्ही भाषासंच आहेत. पण भाषा बदलली की फक्त शब्द बदलत नाहीत. उर्दू उजवीकडून डावीकडे लिहिली जाते, त्यामुळे सगळं पानच आरशात पाहिल्यासारखं फिरतं. डावीकडची अनुक्रमणिका उजवीकडे जाते, ‘पुढे’चा बाण उलटा होतो. ज्या मुलीने आतापर्यंत सगळी अ‍ॅप इंग्रजीत वापरली आहेत, तिला हे सोयीचं वाटेल की गोंधळ होईल? अंदाज बांधत बसू नका, तिलाच काम देऊन बघा.

दुसरी गडबड तेव्हा होते, जेव्हा पान इंग्रजीत किंवा मराठीत असतं आणि मजकूर उर्दूत असतो. दिशा नीट ठरवलेली नसेल तर वाक्याचा पूर्णविराम भलत्याच टोकाला जातो, कंस उलटे होतात, ‘प्रश्न ५’ मधला आकडा दुसरीकडेच दिसतो. चाचणी परीक्षेत असं झालं तर मुलगा गणितात नाही, वाचण्यात चुकतो.

तिसरी गोष्ट नस्तालीक लिपीची. नस्तालीक अक्षरं उतरत्या चालीने लिहिली जातात, त्यामुळे एका ओळीला उंची जास्त लागते. गुगलचा नोटो नस्तालीक हा फॉन्ट मोफत मिळतो आणि छान दिसतोही, पण ओळींमधलं अंतर इंग्रजीच्या हिशेबाने ठेवलं तर वरचे नुक्ते आणि खालची वळणं कापली जातात. अनुक्रमणिकेच्या अरुंद पट्टीत तर लांब नावं वाचताच येत नाहीत. मराठीतही काना-मात्रा-वेलांटीमुळे हा त्रास थोडाफार होतोच. उपाय असा की घटकांची नावं छोटी ठेवा आणि महत्त्वाचा शब्द आधी लिहा. ‘घटक तिसरा : आपल्या परिसरातील पाण्याचे विविध स्रोत व त्यांचे संवर्धन’ याऐवजी ‘३. पाणी : स्रोत आणि जतन’.

जुनं पान की नवं? आकडे कसे वाचावेत

दोन मांडण्यांची तुलना करायची असेल तर एक साधी युक्ती आहे. अर्ध्या मुलांना आधी जुनं पान द्या, मग नवं. उरलेल्या अर्ध्यांना आधी नवं, मग जुनं. नाहीतर दुसऱ्यांदा काम करताना मूल सरावाने हुशार होतं आणि त्याचं श्रेय पानाला मिळतं. दोन्ही पानांवर कामंही सारख्याच वजनाची पण वेगळी असावीत.

वहीत प्रत्येक कामासमोर चार गोष्टी लिहा. सापडलं की नाही, किती सेकंद लागले, पहिलं बोट कुठे पडलं आणि चुकीची बटणं किती दाबली. यातली तिसरी नोंद लोक विसरतात. पहिलं बोट योग्य जागी पडलं तर पुढचं काम बहुतेक वेळा जमतं. ते भलतीकडे पडलं तर मूल भरकटतं.

समजा, दहा मुलांपैकी जुन्या पानावर सहा जणांना गृहपाठ सापडला आणि नव्या पानावर आठ जणांना. लगेच ‘२० टक्के सुधारणा’ असा अहवाल लिहू नका. दहा मुलांच्या आकड्यावर टक्केवारी शोभत नाही. त्याऐवजी उरलेले दोन कोण ते बघा. दोघंही उर्दू माध्यमाचे असतील, किंवा दोघंही दुसऱ्याच्या मोबाईलवर काम करणारे असतील, तर नवं पान बहुतेकांना सोपं झालं आणि काहींना बंद झालं, असा त्याचा अर्थ. सरासरीत ही दोन मुलं दिसत नाहीत.

वेळेचंही तसंच. एका मुलाला आठ मिनिटं लागली तर सरासरी बिघडते. सगळे आकडे चढत्या क्रमाने लावून मधला आकडा घ्या.

शेवटी मत विचारायचंच असेल तर जॉन ब्रूक यांनी १९८६ मध्ये तयार केलेली दहा वाक्यांची प्रश्नावली आहे. प्रत्येक वाक्याला १ ते ५ गुण द्यायचे, हिशेब करून ० ते १०० मधला आकडा येतो. साधारण ६८ हा सरासरी समजला जातो. हे टक्के नव्हेत, आणि वाक्यं सोप्या मराठीत किंवा उर्दूत सांगितल्याशिवाय त्यांचा उपयोग नाही.

अजून एक. जुन्या पानाची सवय झालेल्यांना नवं पान पहिल्या दिवशी जडच जातं. त्यामुळे तिसऱ्या वर्षाच्या विद्यार्थ्यांनी नाक मुरडलं म्हणून मांडणी वाईट ठरत नाही. पहिल्या वर्षाची, आधी काहीच न पाहिलेली मुलंही घ्या. आणि जुन्यांना आठवड्याने पुन्हा तीच कामं द्या. तेव्हाही अडत असतील तर मात्र दोष पानाचाच.

काय बदलायचं आणि कधी?

चाचणी खऱ्या कोर्सवर घेऊ नका. मूडलमध्ये कोर्सची प्रत काढता येते, त्या प्रतीवर प्रयोग करा. मूडलची सार्वजनिक सराव साइटही आहे, तिथे कोणीही शिक्षक म्हणून शिरून हवं ते करून बघू शकतो, ती ठरावीक वेळाने आपोआप पूर्ववत होते.

सापडलेल्या अडचणी तीन ढिगांत लावा. काम अडवणाऱ्या, वेळ खाणाऱ्या आणि नुसत्या खटकणाऱ्या. पहिला ढीग आधी. बहुतेक उपाय फुकटचे निघतात. घटकांना नावं देणं, फाइलींना अर्थ असलेली नावं देणं, चालू आठवड्याचं काम सगळ्यात वर आणणं, अंतिम तारीख कोर्सच्या पानावरच दिसेल असं करणं. सगळे घटक एकाच पानावर दाखवायचे की एका वेळी एकच, अशी सोयही मूडलमध्ये आहे. मोबाईलवर एका वेळी एक घटक दाखवला तर अंगठ्याचे कष्ट वाचतात.

मूडलच्या मोबाईल अ‍ॅपमध्ये कोर्सचं साहित्य रेंज असताना उतरवून नंतर ऑफलाइन वाचता येतं. शिक्षकाने परवानगी दिली असेल तर चाचणीही ऑफलाइन सोडवून नंतर पाठवता येते. कोपीवरच्या मुलासाठी हे वरदान आहे. पण ती परवानगी शिक्षकाने चालू केली आहे का, आणि मुलाला उतरवायचं बटण सापडतं का, हेही चाचणीतच कळेल.

बदल कधी करायचा? सत्राच्या मध्ये कधीच नाही. आणि गाळप हंगामात तर मुळीच नाही. दिवाळीआधी एका पानाची सवय करून गेलेलं मूल जानेवारीत फडावरून लॉगिन करेल आणि समोर वेगळंच पान दिसेल. विचारायला तिथे ना सर, ना मित्र. नवी मांडणी आणायची तर जूनमध्ये आणा.

मुलांची नावं जपा

चाचणीत मुलांची अडचण समोर येते, तिची चर्चा गावभर व्हायला नको. नोंदीत नाव नको, ‘विद्यार्थी १’, ‘विद्यार्थी २’ पुरे. व्हिडिओ काढायचाच तर फक्त मोबाईलच्या पडद्याचा आणि हाताचा काढा, चेहरा नको. मुलींच्या बाबतीत तर ही गोष्ट आधी सांगितली नाही तर घरचे पाठवणारच नाहीत आणि त्यांचं बरोबरच आहे. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्यात १८ वर्षांखालच्या मुलांची माहिती घ्यायला पालकांची संमती हवी, असं म्हटलं आहे. अकरावी-बारावीची मुलं त्यात येतात. एक साधा कागद, मराठीत आणि उर्दूत, काय करणार आणि काय नाही करणार हे लिहून पालकांची सही घ्या.

पालक आणि संस्थाचालकांसाठी

आपल्या समाजातल्या शैक्षणिक संस्था इमारतीला, संगणक कक्षाला, स्मार्ट बोर्डाला देणगी गोळा करतात आणि चांगलंच करतात. पण पोर्टल घेताना कंपनीचा माणूस मोठ्या पडद्यावर डेमो दाखवतो आणि आपण मान डोलावतो. पुढच्या वेळी त्याला एवढंच म्हणा, ‘हेच आमच्या पाच मुलींच्या मोबाईलवर दाखवा. उर्दूतही दाखवा. तुम्ही काही सांगायचं नाही, त्याच करतील.’ अर्ध्या तासात सगळं स्पष्ट होईल. कराराच्या आधी विचारलं तर बदल करून मिळतो, नंतर त्याचे पैसे लागतात.

पालकांनीही एक काम करावं. आज रात्री मुलीला सांगा, ‘या आठवड्यात काय जमा करायचं आहे, ते मोबाईलमध्ये शोधून दाखव.’ घड्याळ लावा आणि गप्प बसा. तिला दोन मिनिटांत सापडलं तर चांगलंच. नाही सापडलं तर तिच्यावर रागावू नका. कुठे अडली ते एका कागदावर लिहा आणि तो कागद शाळेत किंवा कॉलेजात सरांना नेऊन द्या. असे दहा कागद एकाच महिन्यात टेबलावर आले, तर पान बदलायला बैठकीची वाट पाहावी लागणार नाही.